बठेलस्नी जागा

गोसाव्याच्या घरात माणूस गेलं तर त्याला जाळत नाहीत. खड्डा खणून त्यात मांडी घालून बसवतात, अंगाला भस्म लावतात, भोवती मीठ भरतात आणि मग माती ओढतात. त्याला पुरलं म्हणायचं नाही. बसवलं म्हणायचं. बोरगव्हाणच्या अहिराणीत, बठाडं. गावातल्या एका शहाण्याने चुडामणगीर गोसाव्याला “तुमच्यात पुरतात ना?” असं विचारलं, तर म्हाताऱ्याने भर पारावर त्याची खरडपट्टी काढली होती. “कुत्रं पुरतस रे. मानूस बठाडतस.”

तो चुडामणगीर होळीपासून खाटेला खिळला होता. आजार असा काही नव्हता, वय झालं होतं. अन्न तुटत चाललं होतं, पायांच्या काड्या झाल्या होत्या. जीभ मात्र शाबूत होती आणि तिला एकच विषय होता.

“नथ्थू, मले झेलानी शेजारे बठाडजो. दुसरं काही मांगत नही मी.”

झेला म्हणजे झेलाबाई, नथ्थूची आई. नथ्थूला मिसरूड फुटायच्या आत ती गेली.

“हो आबा.”

“हो म्हनशी आन सुरतवाला भाऊगत भट्टीमा टाकी देशी.”

म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ सुरतेला गिरणीत होता. तिकडेच वारला, तिथे बसवायला जागा कुठली, विजेच्या दाहिनीत दिला. राख घेऊन नथ्थूच परत आला होता. त्या मडक्यात डोकावून म्हाताऱ्याने विचारलं होतं, “हाऊ कोन शे?” तेव्हापासून त्याला झोपेत भट्टी दिसायची.

हो म्हणायला नथ्थूचं काय जात होतं? साठीला टेकलेला माणूस. रोज लोकांच्या बागांत केळीचे घड कापायला जायचा, समाध्यांचा कोपरा वाटेवरच होता, पण बापाच्या बापाला हात जोडायला चार पावलं आत वळायचं त्याच्याने कधी झालं नाही. शेवटी लताबाईने, त्याच्या बायकोने, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर आली तशी त्याला हाताला धरून नेला. आखाजीला पितरांची घागर भरायची, तर निदान समाध्यांवर तांब्याभर पाणी तरी घालून येऊ, असं तिचं म्हणणं.

कोपऱ्यावर पोचल्यावर दोघंही उभीच राहिली. समाध्या नव्हत्याच. कापणी झालेल्या केळीचे खांब कुणीतरी वर्षानुवर्षं तिथे आणून टाकले होते. ते कुजून त्यांचा काळा गाळ झाला होता, त्यावर वेड्या बाभळी माजल्या होत्या, वर ठिबकच्या फाटक्या नळ्यांची भेंडोळी. आणि या सगळ्या उकिरड्याला चिकटून, मोकळ्या पट्टीवरून, कुणी ताजी चुन्याची पांढरी रेघ ओढली होती.

“तुम्हीन दररोज आठूनच जातस ना?” लताबाईने विचारलं.

नथ्थू वाकून नळ्यांचं एक भेंडोळं ओढायला लागला.

शेत एके काळी त्यांचंच. उत्तरेकडून पायी आलेल्या पहिल्या गोसाव्याला गावाने दिलेलं. तो इथेच बसला आणि मग घरातलं जे गेलं ते त्याच्याभोवती बसत गेलं. झेलाबाई सगळ्यांत शेवटची. ती गेल्यावर दुसऱ्या वर्षी विहीर आटली आणि चुडामणगीरने शेत मोठ्या शेठला विकलं. मोठे शेठ मारवाडातून आलेले, पण अहिराणी अशी बोलायचे की डोळे मिटून ऐकलं तर पाटील बोलतोय वाटावं. त्यांनी चारचौघांत शब्द दिला की समाध्यांचा कोपरा गोसाव्यांकडेच राहील. लिहून काही घेतलं नाही. शेठचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा तो काळ. आता मोठे शेठ नव्हते. त्यांचा मुलगा उत्तमचंद सत्तरीत होता, आणि कारभार उत्तमचंदचा नातू अनुज बघायचा. ही चुन्याची रेघ त्याची. रस्त्याच्या कडेला केळीचं पॅकिंग हाऊस उठणार होतं आणि ट्रकला आत वळायला जागा हवी होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घरातली तिघं कोपऱ्यावर हजर झाली: नथ्थू, लताबाई आणि मुलगा हितेंद्र. हितेंद्रचा पिकअप टेम्पो होता, चाळीसगावच्या मार्केटात भाडी मारायचा. त्या दिवशीचं भाडं त्याने सोडलं आणि ते तो दिवसभर बोलून दाखवत होता.

कुजलेल्या केळीच्या खांबाला हात घालणं म्हणजे काय, ते घातल्याशिवाय कळत नाही. वरून वाळका दिसतो, उचलायला जावं तर मधोमध फाटतो आणि काळं पाणी अंगावर येतं. केळीचा डाग कपड्यावरून जन्मात जात नाही. लताबाईने जुनेर नेसलं होतं, तेही वाया गेलं. बाभळीचे काटे चपलेतून आत शिरत होते. नथ्थू कुऱ्हाडीने बुंधे तोडायचा, हितेंद्र फांद्या ओढायचा, लताबाई पाटीने गाळ भरून बांधावर टाकायची. सकाळ सरली तसा वारा तापला. खानदेशातला वैशाखाचा वारा. तोंड उघडलं की जिभेचा पापड होतो. टेम्पोच्या सावलीत ठेवलेलं पाणीसुद्धा चहासारखं ऊन झालं.

दुपारच्या आधी फावडं दगडावर वाजलं. लताबाई गुडघ्यावर बसली आणि पदरानेच माती पुसायला लागली. दगडात कोरलेली दोन पावलं वर आली.

“पहिला बाबा,” नथ्थू म्हणाला आणि टोपी काढून तिथेच बसला. त्याचे खांदे हलायला लागले. बायको-पोरासमोर रडायची त्याला लाज वाटली, म्हणून घाम पुसतोय असं दाखवत राहिला.

दिवस कलेपर्यंत एकेक ओटा उघडा झाला. कुठे चिरा खचलेला, कुठे पिंडी उलथलेली. झेलाबाईची समाध मात्र सापडेना, कारण तिचा ओटा मातीचा होता आणि बागेच्या पाण्याने वाहून गेला होता. शेवटी गाळात एक गोल गोटा लागला. कुंकवाचा लाल अंश त्याच्या खाचेत अजून होता. नथ्थूने तो ओळखला. नदीवरून तो त्यानेच उचलून आणला होता. आणि चुन्याची रेघ त्या गोट्याच्या अगदी अंगावरून, म्हाताऱ्याने मागितलेल्या जागेवरून गेली होती.

तेवढ्यात अनुजची गाडी थांबली. पोरगा वाईट नव्हता. बूट मातीत घालून आत आला, नमस्कार केला.

“काका, बरं केलंत साफ केलंत. जुन्या समाध्यांना मी हात लावणार नाही. उलट भिंत घालून देतो, वर फरशी टाकून देतो. फक्त आता नवीन कोणाला इथे पुरायचं नाही. लोकांच्या खाण्याचा माल आहे, ट्रक फिरणार.”

“बठाडतस,” लताबाई म्हणाली.

“काय?”

“पुरतस नही. बठाडतस.”

“तेच ते, काकू,” अनुज म्हणाला. “उद्या जेसीबी येईल. ही मोकळी पट्टी तेवढी सपाट करायची आहे.”

घरी म्हातारा त्या दिवशी चमचाभर पेजेवर होता. नथ्थू आणि हितेंद्र तसेच, केळीच्या डागांनी माखलेले, शेठच्या दुकानावर गेले. खत-बियाण्यांचं दुकान. उत्तमचंद शेठ गादीवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यांनी त्यांना बेजार केलं होतं. समोरच्या खुर्चीवर कंपनीचा कुणी साहेब. नथ्थूला बस कुणी म्हणालं नाही. तो टोपी हातात धरून उभा राहिला. मागून गिऱ्हाईक आलं तसं अनुज म्हणाला, “काका, जरा बाजूला होता का?” नथ्थू बाजूला झाला. मग तिकडूनही एकाला युरिया हवा होता, म्हणून तो आणखी बाजूला झाला. असा सरकत सरकत तो पायरीवर आला, आणि जे बोलायचं ते त्याला पायरीवरून ओरडून बोलावं लागलं.

“शेठ, मोठा शेठनी शब्द देल व्हता!”

उत्तमचंदांनी डोळे मिटले. खोटं बोलणाऱ्यांपैकी ते नव्हते, आठवत होते.

“देल व्हता,” ते म्हणाले. “मी तठेच व्हतू. वडील बोलनात, बठेलस्नी जागा तुमनी.”

“बठेलस्नी नही शेठ! बठ्ठास्नी!”

दुकानात हसू पिकलं. हसण्यासारखंच होतं म्हणा. बठेल म्हणजे बसलेले, बठ्ठा म्हणजे सगळे. बठेलस्नी म्हटलं तर जे तेव्हा बसलेले होते त्यांच्यापुरतीच जागा. बठ्ठास्नी म्हटलं तर सगळ्या गोसाव्यांची, पुढे येणाऱ्यांचीसुद्धा. एवढ्याशा फरकावर एका म्हाताऱ्याचं मरण अडलं होतं.

“म्हणजे शब्द बसलेल्यांचा आहे,” अनुज म्हणाला. “तो आम्ही पाळतोय. बसलेल्यांना कुणी उठवत नाही.”

“आमना आबा जिवत शे आजून,” नथ्थू म्हणाला. “तेसलेच इचारा.”

“इचारी या,” उत्तमचंद म्हणाले. “गोसाईबोवा जे म्हनतीन ते मले मंजूर.”

नथ्थू जवळजवळ पळतच घरी आला. जिंकलोच म्हणून आला. खाटेजवळ बसून त्याने सगळं सांगितलं आणि म्हणाला, “आबा, फक्त तितलं सांगी द्या. बठ्ठास्नी म्हने व्हता ना शेठ?”

म्हाताऱ्याने मान आढ्याकडे वळवली.

“बठेलस्नी,” तो म्हणाला.

“आबा!”

“बठेलस्नीच म्हने व्हता. मी आयकं. मी तव्हय म्हनी दिधं, चालस. तव्हय मले कोठे मरानं व्हतं?”

नथ्थूचा तोल गेला. दिवसभराचं ऊन, काटे, ती पायरी, सगळं एकदम डोक्यात गेलं. “अरे, एक शब्द खोटा बोलाले काय जातं तुमनं? आमी मरी ऱ्हायनूत तठे तुमनासाठे! ऱ्हावा मंग! जासू मी, सांगसू, आमना बाप सत्यवादी शे, टाका तेले भट्टीमा!”

लताबाईने त्याचा दंड धरला. म्हाताऱ्याचा आवाज ताठ होता.

“नथ्थू, मले तठे बठानं शे. माना बापना शेजारे, आजाना शेजारे. लबाडी करीसन तेसनामा कसा बठू? तेसनी इचारं, कसा उना रे, तं काय सांगू?”

कसा आलास म्हणून पितरांनी विचारलं तर त्याला खरं सांगायचं होतं. नथ्थू ओट्यावर जाऊन भिंतीला डोकं टेकून बसला. आपल्याच बापाने हात कापून दिले, असं त्याला वाटलं, आणि त्याच वेळी बापाचा अभिमानही वाटला, आणि त्या अभिमानाचा रागही आला.

सकाळी म्हाताऱ्याने हाक मारली. आवाजात पोराच्या वरताण खोडी होती.

“मले ल्ही चला.”

“कोठे आबा?”

“तठे. शेठनी काय म्हनं? बठेलस्नी जागा. मंग मी जाईसन बठस.”

हितेंद्रला आधी हसू आलं आणि मग त्याचा चेहरा बदलला. नथ्थूने नको नको म्हटलं, पण म्हाताऱ्याने खाटेच्या माच्याला मुठी आवळून धरल्या. नेईपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही म्हणाला. तेव्हा खाटेसकट त्याला टेम्पोत चढवलं, लताबाईने भगवी छाटी अंगावर घातली, कपाळाला भस्म लावलं. झेलाबाईच्या गोट्याशेजारी त्याला उतरवला. नथ्थूने मांडी घालून दिली. पाठीला टेकायला गोधडीची गुंडाळी. म्हाताऱ्याने डावा हात गोट्यावर ठेवला आणि डोळे मिटले. खूप वेळ उभं राहून गाडीत जागा मिळालेल्या माणसासारखा तो निवांत दिसला.

जेसीबी आला तेव्हा ड्रायव्हरने बकेट हवेतच ठेवलं. “बाबाले बाजूले घ्या ना भो,” तो म्हणाला. कुणी हललं नाही. त्याने अनुजला फोन लावला.

अनुज आला तो घामाघूम होऊन. “काका, हे काय चाललंय? म्हातारा माणूस उन्हात मरेल!”

“मी बठेल शे,” चुडामणगीर डोळे न उघडता म्हणाला. “तुना पणजानी जबान शे. बठेलले उठाडता येत नही.”

अनुजचंही डोकं फिरलं. व्यापाऱ्याचं पोरगं ते, शब्दाला शब्द लावायला कमी नव्हतं. “ठीक आहे. बसा. बसलेल्यांची जागा, मान्य. पण बाबा, उठलात की जागा गेली. जेसीबी इथेच थांबेल. बघू किती वेळ बसता.”

आणि जेसीबी थांबला. ड्रायव्हर लिंबाखाली जाऊन आडवा झाला. रस्त्यावरचे येणारे-जाणारे गाड्या लावून बघायला लागले. कुणी हात जोडले, कुणी मोबाईल काढला.

ऊन चढत गेलं. हितेंद्रने टेम्पोची ताडपत्री चार काठ्यांवर बांधली, पण वाऱ्याने ती दोनदा उडवली. मग त्याने आणि लताबाईने ती हातांनीच वर धरली. जमिनीतून वाफ येत होती. म्हाताऱ्याच्या ओठांना पांढरी साल आली. पाणी दिलं तर गालावरून खाली ओघळायचं. मान एका बाजूला कलायची, मग तो दचकून ती सरळ करायचा. नथ्थू त्याच्या पाठीशी बसून दोन्ही हातांनी त्याला सावरून धरत होता. बापाचं काळीज त्याच्या तळहाताला लागत होतं, चिमणीच्या पिल्लासारखं, मध्येच थांबल्यासारखं होऊन पुन्हा सुरू होणारं.

“आयका ना,” लताबाई हळूच म्हणाली, “जाई ना हाऊ मानूस.”

नथ्थूला ते मघापासून कळत होतं. आणखी एक गोष्ट कळत होती, जिने त्याला घाम फुटला. आबा आत्ता इथे गेले तर जागा पक्की होती. कुणी उठवू शकणार नव्हतं. फक्त धरून बसायचं. बस, आणखी थोडा वेळ धरून बसायचं. आपण बापाला सावरतोय की त्याच्या मरणाची वाट बघतोय, हे त्याचं त्यालाच उमगेना. म्हाताऱ्याची मान पुन्हा कलली आणि या वेळी सरळ झाली नाही.

नथ्थू उठला. बापाच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घालून त्याने त्याला उचललं.

“नको रे,” म्हातारा पुटपुटला. “जागा जाई.”

“जाऊ द्या जागा!” नथ्थू ओरडला. “मले बाप पायजे!”

लिंबाखालचा ड्रायव्हर उठून बसला. अनुज मोबाईल कानाला लावून गाडीपाशी उभा होता. त्याने फोन खाली घेतला. त्याच वेळी रस्त्यावर रिक्षा थांबली आणि तीतून उत्तमचंद शेठ उतरले. दुकानावर कुणीतरी व्हिडिओ दाखवला होता. पांढरं धोतर सावरत, काठी टेकत, ढेकळांतून ते लंगडत आले. नथ्थूच्या हातांवरच्या देहाकडे पाहिलं. रिकाम्या जागेकडे पाहिलं; गोधडीची गुंडाळी तिथेच होती.

“तेसनी काय सांगं?” त्यांनी विचारलं. “बठेल का बठ्ठा?”

इथे खोटं बोलायला कुणी अडवणारं नव्हतं. “बठेल,” तो म्हणाला. “तुमनंच खरं व्हतं शेठ. आन आते ते उठनात, जागा सुटनी. करा काय करानं ते.”

उत्तमचंदांनी काठी बाजूला ठेवली. झेलाबाईच्या गोट्यापासून हातभर अंतर राखून, जमिनीला दोन्ही तळवे लावून, ते खाली व्हायला लागले. गुडघे कडकडले. अर्ध्यात ते अडकले, तसा हितेंद्रने ताडपत्री सोडून त्यांना धरलं. चुडामणगीर बसला होता नेमक्या त्याच जागी त्यांनी बैठक मारली.

“दादाजी!” अनुज धावत आला. “काय करताय? उठा! ही जागा… घरी कळलं तर आजी काय म्हणेल? लोक बघताहेत.”

“बघू दे. घर जाईसन आंघोळ करसू.” शेठनी धोतराने मानेचा घाम पुसला. मग नथ्थूकडे वळले. “ल्ही जा बोवाले. पानी पाजा, डॉक्टरले दखाडा. घाई करू नका म्हना. जागा मी धरी ठेवस.”

“कुठवर?” अनुज म्हणाला. त्याचा आवाज रडकुंडीला आला होता.

“ते येतस तोपावत.”

ड्रायव्हरने कुणी न सांगता जेसीबी मागे घेतला. अनुजने त्याला थांबवलं नाही.

नथ्थू टेम्पोकडे निघाला. त्याला पुढचं दिसत नव्हतं, लताबाई कोपराला धरून वाट दाखवत होती. त्याच्या खांद्यावरचं डोकं तेवढ्यात हललं. चुडामणगीरने महत्प्रयासाने एक डोळा उघडून मागे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

“शेठ,” तो खरखरत्या आवाजात ओरडला, “तिकडे नही! उत्तरले तोंड करा. आमनामा उत्तरले बठतस!”

उत्तमचंद शेठनी एकदा सूर्याकडे पाहून दिशेचा अंदाज घेतला, आणि गुडघे धरून, कण्हत कण्हत, ते उत्तरेकडे वळून बसले.